एकतीस नंबरचं विरजण

६ जानेवारी, मंगळवार

चष्मेवालीचं यीस्ट आज सकाळी लहान टाकीत पडलं. मालकांनी सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. मी मागे, नळाजवळ उभी राहिले. तिनं काचेचा चंबू उपडा केला आणि रिकामा झाल्यावर त्याच्या बुडावर दोनदा टिचकी मारली, शेवटचा थेंब सुटावा म्हणून.

ही टिचकी ह्यांची. वीसेक वर्षं मी ती पाहिली. दुसऱ्या कुणाच्या बोटांत पाहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

घरी आले तरी ती टिचकी डोक्यात वाजत होती. वन्संना सांगावं, तर त्या जिना उतरायच्या आत गल्लीभर करतील. म्हणून ही वही.

पुस्तकांत सुरुवातीला कोण, कुठलं ते सांगून टाकतात, तसं मीही सांगते. आमच्या कारखान्यात साके, म्हणजे तांदळाची जपानी पद्धतीची दारू, बनते. तांदूळ वाफवायचा, थोड्या तांदळावर बुरशी धरवायची, पाणी घालायचं आणि यीस्ट टाकायचं. दुधाला विरजण, तसं तांदळाला यीस्ट. तांदूळ तोच, पाणी तेच, पण विरजण बदललं की चव बदलते. हे इथले उस्ताद होते. ह्यांचं यीस्ट सात नंबरचं, बावीस वर्षं चालत आलेलं. मी चव घ्यायचे पेले धुते. माझं नाक बरं आहे म्हणून चव घेणाऱ्या पाच जणांतही मला बसवतात. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मिळेल ते वाचून. पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. त्यावरून हे मला ग्रंथपाल म्हणायचे. चारचौघांत म्हणायचे, मला लाज वाटायची.

हे गेले त्याला पंधरा महिने होतील. चष्मेवाली प्रयोगशाळेत असते. तिच्या यीस्टचा नंबर एकतीस.

८ जानेवारी, गुरुवार

गुरुवार मला सोसत नाही. तेही लिहून टाकते.

आमच्या खिडकीत एक कुंडी आहे. पांढऱ्या, नखाएवढ्या फुलांचं झाड. बाजाराच्या कडेला कुणीतरी फेकून दिलेलं मी उचलून आणलं. तीन पुस्तकं धुंडाळली, नाव सापडलं नाही. बाराही महिने एखाददुसरं फूल असतं. कुणी तोडलेलं मला खपत नाही. वन्संनी एकदा केसात घालायला तोडलं तर मी दोन दिवस बोलले नव्हते.

ह्यांच्या शेवटच्या वर्षात दर गुरुवारी एक फूल कमी व्हायचं. गुरुवारीच हे उशिरा यायचे. विचारलं की म्हणायचे, "प्रयोगशाळेत होतो." मी पुढे विचारलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी त्या तारखेखाली पेन्सिलीनं एक टिंब द्यायचे, बस. ते कॅलेंडर मी जपून ठेवलंय. आज पुन्हा मोजलं. एकतीस टिंबं. हा आकडा सध्या माझी पाठ सोडत नाही.

शेवटचं टिंब मी दिलं त्या दिवशी हे घरी आलेच नाहीत. प्रयोगशाळेतल्या खुर्चीत बसले, चहा घेतला, आणि मान टाकली. चहा तिनं केला होता. परत आलेल्या कोटाच्या खिशात लवंगांची रिकामी डबी होती, आणि डबीच्या झाकणाला चिकटलेली एक वाळकी पाकळी.

फूल पोचलं होतं म्हणायचं.

१६ जानेवारी, शुक्रवार

कारखान्यात चहाच्या वेळी कोठीवाल्यांनी सगळ्यांना कप दिले. ते साठीचे गृहस्थ तांदळाची कोठी सांभाळतात आणि कुणाचीही थट्टा करतात. मी दोन चमचे साखर घातली तर म्हणाले, "वहिनी, उस्तादांच्या वाटणीचीही घेता वाटतं?"

मी म्हटलं, "हेही दोनच घ्यायचे."

"सर?" चष्मेवाली म्हणाली. "सर तर बिनसाखरेचा घ्यायचे." आणि लगेच ओठ मिटून घेतले.

तीस वर्षं मी त्या माणसाच्या कपात दोन चमचे साखर ढवळली. त्यांना ती आवडत होती की माझ्यासाठी पीत होते? आणि हे मला आता कुणाला विचारता येणार?

तिचं वय असेल पंचेचाळीस. लग्न केलेलं नाही. हिवाळाभर एक राखाडी मफलर गळ्यात असतो, पुरुषी दिसतो. ह्यांचा निळा होता, तेवढं मी पाहून घेतलं.

२९ जानेवारी, गुरुवार

दोन्ही टाक्यांना भरपूर फेस आलाय. कान लावला तर आत तांदूळ कुजबुजल्यासारखा आवाज येतो. मोठ्या टाकीत ह्यांचं सात नंबर. मी रोज जाताना तिच्यावरून हात फिरवते. यंदा तिचा फेस लवकर बसतोय. मागच्या वर्षीही बसला होता. कुणाला म्हटलं नाही.

लहान टाकीपाशी आज चष्मेवाली एकटी होती. मी पेले घेऊन जात होते, तिला दिसले नाही. टाकीला म्हणत होती, "सावकाश. एवढी घाई कुणाला आहे?" आवाज असा, की आपण दाराबाहेर थांबावं. मी थांबले नाही, पेले वाजवत आत गेले. ती दचकली आणि थर्मामीटर पाहू लागली.

७ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी वन्संना सांगितलंच. त्या भाजी निवडत होत्या.

"दादा? आणि फुलं?" हातातली जुडी खाली ठेवून त्या हसायलाच लागल्या. "वहिनी, आमच्या दादानं तुला तरी कधी फूल दिलं का?"

"नाही."

"मग? ज्याला घरात सुचलं नाही त्याला बाहेर कुठून सुचणार?"

"घरात सुचलं नाही म्हणूनच म्हणते."

त्यांनी जुडी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाल्या, "विचार ना सरळ तिला. खाणार आहे का ती?"

"आणि ती हो म्हणाली तर?"

"तर मी येते तुझ्याबरोबर. माझा आवाज तुला माहीत आहे."

तो सगळ्या गल्लीला माहीत आहे. म्हणूनच नको म्हटलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही टाक्या गाळून झाल्या. दुपारी मालकांनी आम्हा चव घेणाऱ्यांना खोलीत बसवलं. मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा, जेमतेम तिशीचा, मला काकू म्हणतो. म्हणाला, पुढच्या हंगामापासून एकच यीस्ट ठेवायचं. दोन सांभाळणं जमत नाही, एकमेकांत मिसळायची भीती. पुढच्या बुधवारी दोन्ही साकेंची चव घ्यायची, पेल्यांवर नाव नाही, पाच जणांनी दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ज्याची जास्त ते मोठ्या टाकीत.

"आणि दुसरं?" मी विचारलं.

"दुसरं टाकून देणार नाही, काकू. प्रयोगशाळेत गोठवून ठेवू. उणे ऐंशीत वर्षानुवर्षं टिकतं म्हणतात."

म्हणजे ह्यांना पुन्हा एकदा बर्फात ठेवायचं. आणि किल्ली तिच्याकडे.

घरी येऊन झाडाला पाणी घातलं. दोन फुलं आहेत. ह्यांचा कोट मी केव्हाच देऊन टाकला, चप्पल देऊन टाकली, कपाटातला त्यांचा वास उडून गेला. जिवंत असं काही उरलंय ते त्या मोठ्या टाकीत. तेवढं हरू द्यायचं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मी काय केलं ते जसंच्या तसं लिहिते.

पेले धुण्याचा नियम असा: गरम पाणी, धुण्याचा सोडा, मग तीनदा साधं पाणी, आणि स्वच्छ पंच्यावर उपडे. साबण धुण्याच्या खोलीत आणायचासुद्धा नाही. साबणाचा वास पेल्याला धरून बसतो आणि ओतल्यावर वर येतो. वीस वर्षांपूर्वी हे मला ह्यांनीच शिकवलं.

चवीच्या दिवशी डाव्या फळीवरचे पाच पेले मोठ्या टाकीचे आणि उजव्या फळीवरचे पाच लहान टाकीचे, असं कायमचं ठरलेलं आहे. कोठीवरचा पोऱ्या पडद्यामागे ओततो. आम्ही बाहेर बसतो, तेव्हा कुठला पेला कशाचा ते आम्हाला कळत नाही. पण फळ्या मला माहीत आहेत.

घरून लिंबाच्या वासाच्या साबणाचा तुकडा रुमालात बांधून नेला. उजव्या फळीचे पाच पेले त्या साबणानं धुतले आणि एकाच पाण्यातून काढले. चष्मेवाली मध्येच दारात आली, "वहिनी, मदत करू का?" म्हणाली. मी म्हटलं, "झालंच आहे." ती दोन मिनिटं उभी राहून गेली.

विष घातलेलं नाही. कुणाचं पोट बिघडणार नाही. जरा वास येईल, दोन गुण कमी पडतील. असं मी रस्ताभर स्वतःला सांगत आले. हात घरी येऊन तीनदा धुतले, तरी लिंबू जात नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

लांब टेबलावर पाच जण. मालक, कोठीवाले, बाटल्या भरायच्या विभागातली बाई, चष्मेवाली आणि मी. कोठीवरच्या पोऱ्यानं ओतून पेले आणून मांडले. प्रत्येकापुढे दोन पेले आणि पायाशी थुंकायची बादली.

पहिला पेला उचलला. साकेचा नितळपणा पाहायला तळाशी काढलेली दोन निळी वर्तुळं स्वच्छ दिसत होती. घोट घेतला, जिभेवर फिरवला. आधी फुलाचा वास. मग तुरट, जवळजवळ भांडायला उठल्यासारखं. थुंकून टाकल्यावर कितीतरी वेळानं गोडसर काहीतरी मागे राहिलं. हा वास मी कुठेतरी घेतलाय. रोजचा वाटला, पण कुठला ते आठवेना. सात नंबर नव्हतं, एवढं खरं. आणि लिंबूही नव्हतं.

पेला मी टेबलावर ठेवून दिला.

दुसरा पेला नाकाशी नेला. लिंबू. आणि लिंबाच्या खाली, भिजल्या पंच्यातून ओळखीचा माणूस दिसावा तसं, ह्यांचं सात नंबर.

बाटलीवाल्या बाईनं तोंड वाकडं केलं आणि बादलीत थू केलं. "शी! हे काय, भांडी घासल्याचं पाणी?" कोठीवालेही थुंकले, माझ्याकडे न पाहता. मालकांनी कागदावर तीन लिहिले, मला उलटे दिसले.

ते मग म्हणाले, "फळ्या या वेळी मी बदलायला सांगितल्या होत्या. कुणाला अंदाज येऊ नये म्हणून."

माझ्या हातानं मी ह्यांच्यावर लोकांना थुंकायला लावलं. तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. पेन्सिल धरून बसले.

"थांबा," चष्मेवाली म्हणाली. "या पेल्यांना साबणाचा वास आहे. गुण धरू नका."

"साबण? धुतले कुणी?" मालक माझ्याकडे पाहू लागले.

"मी," ती म्हणाली. "काल वहिनींना मदत करायला गेले होते. माझ्या हाताला साबण असणार. चूक माझी."

मालकांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. एवढी शिकलेली बाई, साधा नियम माहीत नाही का, वगैरे. ती मान खाली घालून ऐकत होती. सोमवारी पुन्हा चव घ्यायचं ठरलं.

बाहेर पडताना मला तिचे आभार मानावेसे वाटले नाहीत. रागच आला. मोठेपणा मिरवायला बरी संधी साधली. माझी चूकसुद्धा तिला माझ्याकडे राहू द्यायची नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रयोगशाळेत गेले. सोळा महिन्यांत त्या दारातून मी आत पाऊल टाकलं नव्हतं. खुर्ची अजून तिथेच आहे, खिडकीजवळ. तिच्यावर कुणी बसत नसावं, गादी फुगलेली होती.

"बसा ना, वहिनी."

"बसायला आले नाही. काल खोटं का बोललात?"

ती काचेच्या नळ्या पुसत होती. "वास मला पेला उचलतानाच आला. मग तुमच्याकडे पाहिलं. तुमचा चेहरा पाहून कळलं."

"मग सांगायचं माझं नाव."

"सात नंबरला तुम्ही साबण लावणार नाही. एकतीसला लावला होता. फळ्या बदलल्या नसत्या तर..." तिनं एक नळी ठेवली, दुसरी घेतली. "गप्प बसले असते तर माझं जिंकलं असतं, तेवढं मलाही कळतं. पण सरांच्या साकेवर लोक थू करणार आणि मी बघत बसणार?" चष्मा काढून ती पदराऐवजी नळ्यांच्याच फडक्यानं पुसू लागली. काच अजून धुरकट झाली.

ह्यांची बाजू घ्यायला मी होते तिथे. होते, आणि घेतली नव्हती. हे तिच्यासमोर कळावं याचा मला फार त्रास झाला. म्हणून जे विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"फुलं तुम्हाला आणायचे का?"

"कुठली फुलं?"

"दर गुरुवारी. माझ्या खिडकीतली."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "तुम्हाला माहीत नाही?"

"मला कोण सांगणार?"

"मला वाटलं सरांनी सांगितलं असेल. मग वाटलं, नसेल सांगितलं. मग सांगायचं राहूनच गेलं."

सोळा महिने राहून गेलं. तिनं कपाटातून एक नोंदवही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. ह्यांचं अक्षर. ओळीनं एक ते एकतीस, पुढे तारखा. सगळे गुरुवार. प्रत्येक ओळीत 'घर, खिडकी'. फुलांवरही यीस्ट असतं, ती म्हणाली. हे एकेक फूल डबीतून आणायचे, ती ते पाण्यात बुडवून त्यातून यीस्ट वेगळं काढायची, आणि चमचाभर तांदळात घालून दोघं पाहायचे. सात नंबर दमत चाललंय हे त्यांना कळलं होतं. नवं हवं होतं, आणि ते आपल्या घरचं हवं होतं.

मी ओळी वाचत गेले.

'१. ग्रंथपालांना न विचारता तोडलं. जमलं तर सांगू, नाही जमलं तर बोलणी खाऊ.'

'१२. फेस नाही.'

'१९. वास बरा, पण आळशी.'

'२३. भांडखोर. ग्रंथपालांच्या घरचं शोभतं.'

मला हसू आलं. त्या खोलीत, त्या खुर्चीसमोर हसू आलं, याची नंतर लाज वाटली. एकतिसाव्या ओळीत फक्त तारीख होती. शेरा तिच्या अक्षरात.

"जमलं ते शेवटचंच," ती म्हणाली. "त्या दिवशी सरांनी फूल टेबलावर ठेवलं आणि चहा मागितला. त्यांना कळलंच नाही."

पानाच्या अगदी वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'यांतलं जे जमेल त्याचं नाव', आणि पुढे कोरं. कोरं, पण कागद तिथे जरा पातळ, खरखरीत. हे पेन्सिल फार दाबून लिहायचे. मी पान खिडकीकडे तिरकं धरलं, बोट फिरवलं. दाबाच्या खुणा होत्या. ग्रंथपाल.

"कागद जुना आहे," मी म्हटलं. "घासला गेला असेल."

"हो. घासला गेला असेल," ती म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. खोलीत शेगडी होती, उकडत असेल.

मी खुर्चीवर बसले. तिनं चहा केला. बिनसाखरेचा होता. तसाच प्यायले. मला नाही आवडला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मालकांच्या खोलीत जाऊन सांगितलं, साबण मी लावला.

त्यानं हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "काकू, मला लहानपणी तुम्ही त्या धुण्याच्या खोलीतून कान धरून बाहेर काढलं होतं. माझ्या हाताला बिस्किटाचा वास येतो म्हणून."

"आठवतं."

"आता मी काय करायचं?"

"कामावरून काढा."

"तुमचं नाक कुठून आणू?" त्यानं चष्मेवालीला बोलावून घेतलं आणि दोघींना उभं ठेवून निकाल दिला. यापुढे पेले दोघींनी मिळून धुवायचे. एकीनं धुवायचे, दुसरीनं पुसायचे. "म्हणजे एकमेकींवर नजर राहील," म्हणाला. "आणि मला खोटं सांगण्यात दोघीही कच्च्या आहात, तेवढं लक्षात ठेवा."

वीस वर्षं ती खोली माझी एकटीची होती. शिक्षा बरोबर जागी बसली.

२ मार्च, सोमवार

पुन्हा टेबल, पुन्हा दोन पेले. पेले काल दोघींनी धुतले. ती फार जोरात पुसते.

आज ओळखायचं काहीच नव्हतं. सात नंबर स्वच्छ होतं, शांत होतं. आणि दमलं होतं. मधे एक पोकळी लागते, घोट तिथे पोचून थांबतो. दोन हंगाम मला ही पोकळी लागत होती. हे गेले म्हणून मी ती दुःखाच्या खात्यावर टाकत आले.

मग एकतीस. आधी खिडकीतला वास. किती साधी गोष्ट, रोज पाणी घालताना नाकाशी असलेला वास मला पेल्यात ओळखू आला नव्हता. मग ते तुरट, भांडखोर. मी अशी आहे होय? थुंकायला वाकले, आणि पहिल्यांदाच नियम मोडून गिळलं. गोडवा यायला इतका वेळ लागला, की मला वाटलं येतच नाही. आला.

सात नंबरला सात दिले. एकतीसला आठ. पेन्सिल फार दाबली गेली, टोक मोडलं.

बेरीज मालकांनी वाचून दाखवली. एकतीस एका गुणानं पुढे. तो एक गुण माझा.

गुणांचे कागद टेबलावरच पडले होते. चष्मेवालीनं सात नंबरला दहा दिलेले मी पाहिले. दहापैकी दहा! ह्यांनी स्वतः कधी कशाला नऊच्या वर दिले नाहीत. स्वतःच्या यीस्टला पाडायला निघाली होती बाई, दमलेल्या साकेला दहा देऊन. एवढं चांगलं नाक असून तिला ती पोकळी लागली नाही, हे मला पटत नाही.

मालकांनी विचारलं, "बाटलीवर नाव काय घालायचं? काकू, तुमच्या झाडाचं आहे म्हणे. काही सुचतंय का?"

चष्मेवालीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तिनं श्वास धरला होता.

"एकतीसच राहू द्या," मी म्हटलं. "लोकांना आकडे लक्षात राहतात."

कोठीवाले म्हणाले, "वहिनींनी एवढी पुस्तकं वाचली आणि सुचला काय, तर आकडा!" सगळे हसले. मीही हसले. ते नाव बाजारात मांडायला मी कुणाला देणार नाही.

सात नंबर दुपारी गोठवायला नेलं. बोटाएवढ्या सहा नळ्या. तिनं कपाटाचं दार उघडलं, वाफ बाहेर आली. म्हणाली, "तुम्ही ठेवा." मी ठेवल्या. किल्ल्या तिनं दोन करून आणल्या होत्या, एक मला दिली.

५ मार्च, गुरुवार

सकाळी झाडाला एकच फूल होतं. तोडलं नाही.

पेले धुताना ती म्हणाली, "वहिनी, जरा वर येता?" वर प्रयोगशाळेत गेले. नोंदवही उघडून ठेवलेली होती. पानाच्या वर, त्या खरखरीत जागेवर, आता शाईनं लिहिलेलं होतं. 'यांतलं जे जमेल त्याचं नाव: ग्रंथपाल.'

"पेन्सिलीचं पुन्हा घासलं गेलं असतं," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं. खाली आले, उरलेले पेले पुसले, घरी आले. वन्संनी विचारलं, "काय गं, मिटलं का तुझं त्या बाईशी?" मी म्हटलं, "मिटलं."

पण एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. ते नाव तिनं लिहिलंय, तरी अक्षर ह्यांचं आहे. तसाच वाकडा 'ग्र', 'थ'ची तशीच न मिटलेली गाठ, 'ल'चा तोच लांब फराटा. तीस वर्षं मी ह्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या, आणि मला तसं एक अक्षर काढता येणार नाही. तिला ते असं हुबेहूब काढता येतं. किती वेळा, किती वेळ पाहत बसली असेल ती त्या अक्षराकडे?

आता अंधार पडायच्या आत जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी काढते. एकदा 'ग्र' काढून बघते.